विषाद, चिंता आणि लोकलज्जा : वैद्य व औषधविक्रेते यांचे कर्तव्य

प्रास्ताविक

व्याधीचे दुःख रुग्णाने भोगावे आणि त्या व्याधीच्या नावाची लाज मात्र सबंध घराने वाहावी, असे ज्या थोड्या रोगांच्या बाबतीत घडत आले त्यांत कुष्ठ आणि राजयक्ष्मा हे एकेकाळी अग्रस्थानी होते. त्या दोन्हींवर खात्रीचे उपचार आले, बरे झालेले रुग्ण चारचौघांत वावरू लागले आणि लाजेची धार काही अंशी बोथट झाली. मनोव्याधींच्या बाबतीत हे अद्याप घडलेले नाही. विषाद, म्हणजे आजच्या भाषेत नैराश्य, आणि चिंताविकार हे दोन्ही साध्य कोटीतील विकार आहेत. तरीही बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या शंभरांपैकी सुमारे ८५ व्यक्ती उपचाराबाहेर असल्याचे आढळले. त्या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता; परंतु आपल्या दवाखान्यांचा रोजचा अनुभव यापेक्षा फार वेगळा असेल असे मानण्यास आधार नाही. उपचारक दूर असणे, खर्च, अज्ञान ही कारणे आहेतच. त्यांच्या जोडीला लोकलज्जा हे एक स्वतंत्र कारण आहे, आणि ते कमी-अधिक करणे आपल्या हाती आहे. म्हणून प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केला आहे.

ही लज्जा तीन ठिकाणी वास करते. पहिली लोकांच्या बोलण्यात : ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘मनाचा कमकुवत आहे’, ‘बाहेरचं काहीतरी आहे’. दुसरी रुग्णाच्या स्वतःच्या मनात : ‘मीच नालायक, म्हणून मला असे होते’. तिसरी जागा उपचारकाच्या खोलीत आणि औषधाच्या काउंटरवर आहे. पहिल्या दोहोंबद्दल पुष्कळ बोलले जाते. तिसरीबद्दल आपण सहसा बोलत नाही.

सास्तूर परिसराचा अनुभव

दि. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर व धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत भूकंप झाला. सुमारे ८,००० माणसे गेली. किल्लारीचे नाव जगभर झाले. पण लोहारा तालुक्यातील आमचे सास्तूर हेही सर्वाधिक हानी झालेल्या गावांपैकी एक. पुढे ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. दगडमातीचे वाडे जाऊन आखीव रांगांतील घरे आली.

भूकंपानंतर मानसोपचारतज्ज्ञांनी या भागात पाहणी केली. १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकिॲट्री’ या नियतकालिकात तिचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. पाहणी केलेल्या व्यक्तींपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक विकार आढळले, आणि त्यांत आघातोत्तर ताणविकार व नैराश्य हे प्रमुख होते. या भागातील कोणाही वैद्यास याचे आश्चर्य वाटणार नाही.

त्यानंतर जे घडले ते मात्र अभ्यासण्याजोगे आहे. गावातील वडीलधारी मंडळी सांगतात की त्या वर्षी रडणाऱ्याला कोणी नावे ठेवली नाहीत. जेवण न जाणे, रात्र रात्र जागणे, घरात झोपण्याची भीती वाटणे हे घराघरांत होते. कारण सर्वांच्या डोळ्यांसमोर होते, दुःख सामायिक होते आणि कोणाचा दोष काढण्यास जागा नव्हती. वर्षे गेली, नवी घरे उभी राहिली, मुले मोठी झाली. ज्यांचा विषाद तेव्हाही ओसरला नाही त्यांना मग ‘अजून काय तेच धरून बसलात?’ हा प्रश्न ऐकू येऊ लागला. दुःख तेच होते. कारण नजरेआड झाल्यावर त्याच दुःखाला ‘खूळ’ हे नाव मिळाले.

यातून एक नियम हाती येतो. ज्या दुःखाचे कारण लोकांना दिसते त्यास सहानुभूती मिळते, आणि ज्याचे कारण दिसत नाही त्यास दोष मिळतो. भूकंप न पाहिलेल्या पिढीतील विषादाचा रुग्ण या दुसऱ्या गटात मोडतो. त्याच्या अंगावर प्लॅस्टर नाही, रक्ताच्या तपासणीत दोष नाही आणि घर पडलेले नाही. मग तो आळशी किंवा सोंगाडा तरी ठरतो, नाहीतर त्याला कोणीतरी काही केले आहे असे ठरते.

शेतकरी आत्महत्यांच्या बाबतीत याच नियमाचे दुसरे टोक दिसते. मदतीच्या निकषांत नापिकी, कर्ज आणि वसुलीचा तगादा ही कारणे मोजली जातात. ती कारणे खरीच आहेत. परंतु मृत्यूपूर्वी कित्येक महिने त्या माणसाची झोप उडालेली होती, तो बोलेनासा झाला होता, त्यास उपचारांची गरज होती, ही नोंद मागाहून कोणाच्याच सोयीची राहत नाही. घरच्यांना लाज वाटते आणि कागदावर त्यासाठी रकाना नसतो. त्यामुळे आजार अदृश्यच राहतो आणि शेजारच्या घरातील तसाच रुग्णही ओळखला जात नाही.

रुग्ण शरीराच्या दाराने का येतो?

आपल्या ओपीडीत ‘मला नैराश्य आले आहे’ असे सांगत येणारा रुग्ण विरळा. येतो तो ‘झोप लागेना’, ‘जेवाण जाईना’, ‘छातीवर दगड ठेवल्यावानी वाटतंय’, ‘अंगात ताकद न्हाई’, ‘पोटात गोळा उठतोय’ असे सांगत. स्त्रिया कंबरदुखी, श्वेतप्रदर, डोकेदुखी सांगतात. पुरुष गॅस, धडधड आणि धातुक्षय सांगतात. मनाचा उल्लेख झालाच तर ‘टेन्शन’ या एका शब्दात होतो, कारण हा शब्द वापरल्याने कोणी वेडा ठरत नाही.

ही लबाडी नव्हे, यास शास्त्रीय आधार आहे. बंगळूर येथे रघुराम, मिचेल वाइस व त्यांच्या सहकाऱ्यांनी नैराश्याच्या रुग्णांचा अभ्यास करून १९९६ साली तो प्रसिद्ध केला. ज्या रुग्णांनी मनाची लक्षणे अधिक सांगितली त्यांना लोकलज्जेची बोचणी अधिक होती, आणि ज्यांनी शरीराची लक्षणे अधिक सांगितली त्यांना ती कमी होती, असे त्यांस दिसले. अंगदुखी शेजारणीजवळ बोलता येते. जगणे नकोसे झाले आहे हे बोलता येत नाही. वैद्यवर्गाने जाणण्याजोगी आणखी एक गोष्ट अशी की, या मिचेल वाइस यांचा मूळचा प्रबंध प्राचीन संस्कृत वैद्यकग्रंथांतील उन्मादविचारावर होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातही या दिशेने काम झाले. थकवा व अशक्तपणा या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांचा तेथे चार बाह्यरुग्ण विभागांत अभ्यास करण्यात आला आणि तो २०११ साली प्रसिद्ध झाला. मानसोपचार, सामान्य वैद्यक, त्वचारोग आणि आयुर्वेद हे ते चार विभाग. आयुर्वेदाच्या विभागाची निवड अर्थपूर्ण आहे. ‘अशक्तपणा’ ही तक्रार घेऊन माणसे जेथे जातात त्या ठिकाणांत आपले दवाखाने येतात, हे संशोधकांनीही ओळखले.

आपल्याकडे येण्यात रुग्णास एक सोय असते. वैद्याच्या दवाखान्यात जाताना कोणी पाहिले तर ‘पित्तासाठी आलो होतो’ असे सांगता येते. मानसोपचारतज्ज्ञाच्या पाटीखाली उभे राहून असे सांगता येत नाही. या भागातील अनेक रुग्ण लातूर जवळ असताना सोलापूरला जातात. हेतू एवढाच की ओळखीचे कोणी भेटू नये. म्हणून आपला दवाखाना हा या रुग्णांचा आडोसा आहे. आडोशाला आलेल्या माणसास ऊब द्यावी हे खरे. पण आपणही त्याचे दुःख केवळ गॅस व अशक्तपणा म्हणून लिहून घेतले आणि तेवढ्यावरच थांबलो, तर त्याच आडोशात त्याचा आजार वाढत राहतो. पहिल्या भेटीत शरीराच्या दाराने आत घ्यावे आणि दोन-तीन भेटींत मनापर्यंत पोहोचावे, हा मार्ग हितकर.

शास्त्राची भूमिका

विषादाकडे शरीरापासून तुटलेली वस्तू म्हणून आपले शास्त्र पाहत नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे ८० नानात्मज विकार सांगितले. त्यांत पायाच्या भेगा, गृध्रसी, कंप यांच्याच पंगतीला विषाद, अस्वप्न आणि चित्ताची अनवस्थितता ही नावे आहेत. पायाला भेगा पडल्या म्हणून कोणी कोणास नावे ठेवत नाही. मग त्याच यादीतील विषादाने माणूस हलका का ठरावा? याच स्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला प्रथम स्थान दिले आहे. मधुमेह, हृद्रोग, आमवात यांचा जो रुग्ण पथ्य पाळत नाही, औषध चुकवतो, त्याच्या मुळाशी कित्येकदा हाच विषाद असतो.

चिकित्सेतही हेच. दैवव्यपाश्रय आणि युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय हा तिसरा प्रकार सांगितला. इष्ट वस्तूच्या नाशाने ज्याचे मन विदीर्ण झाले त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ती करून द्यावी, सांत्वन व आश्वासन द्यावे, असे उन्मादचिकित्सेच्या अध्यायात म्हटले आहे. घर, माणसे, शेत गमावलेल्या आमच्या भागास हे मार्गदर्शन विशेष लागू पडते.

निदानस्थानाच्या सातव्या अध्यायातील एक विचार तर आपण लोकांसमोर पुन्हा पुन्हा मांडला पाहिजे. देव, गंधर्व, पिशाच, राक्षस यांच्यापैकी कोणीही आपण होऊन माणसास क्लेश देत नाही, तेव्हा रोगाचा दोष त्यांच्या माथी मारू नये, असा त्याचा आशय आहे. आगंतु उन्मादाचे वर्णन त्याच ग्रंथात आहे हे खरे. परंतु ‘बाहेरचं आहे’ म्हणून रुग्णास अंगाऱ्या-धुपाऱ्यात अडकवून ठेवणाऱ्यांना ग्रंथाचा आधार घेता येणार नाही.

भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच अर्जुनविषादयोग आहे. गात्रे गळणे, तोंडाला कोरड पडणे, अंगाला कंप सुटणे ही तेथील लक्षणे आपण रोज केसपेपरवर लिहितो. तरीही त्या महारथीस आपण दुबळा मानत नाही. खेड्यातील रुग्णास आणि त्याच्या वडिलांस हा दाखला चटकन पटतो, असा माझा अनुभव आहे.

शास्त्रातील शब्द वापरताना

आता आपल्या घरातील गोष्ट. आपल्या परिभाषेतील काही शब्द अनवधानाने वापरल्यास तेच कलंकाचे साधन होतात.

‘प्रज्ञापराध’ हा त्यांतील पहिला. धी, धृती, स्मृती यांच्या भ्रंशातून घडणारे अहितकर कर्म असा त्याचा अर्थ. तो रोगोत्पत्तीचा सामान्य हेतू आहे आणि शारीर व्याधींनाही तितकाच लागू पडतो. अपथ्याने अतिसार झालेल्या रुग्णास आपण प्रज्ञापराधी म्हणून हिणवत नाही. परंतु विषादाच्या रुग्णास ‘तुझ्याच विचारांनी तू हे ओढवून घेतलेस’ असे सांगितले जाते. रुग्णाच्या मनात अपराधभाव आधीच भरून राहिलेला असतो. तो या आजाराचे लक्षणच आहे. त्यावर वैद्याने शिक्कामोर्तब केले तर तो पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही.

दुसरा शब्द ‘अवरसत्त्व’. सत्त्वपरीक्षा ही दशविध परीक्षेचा भाग आहे. रुग्ण किती तीव्र उपचार सोसू शकेल हे जाणून घेणे हा तिचा हेतू. विषादाच्या भरात असलेल्या माणसाचे सत्त्व त्या वेळी क्षीण दिसणारच. ज्वरात बल क्षीण दिसते म्हणून त्यास कोणी जन्माचा दुर्बल ठरवीत नाही. नातेवाइकांसमोर ‘याचे मन मुळातच कमकुवत आहे’ असे वाक्य उच्चारू नये. ते वाक्य घरी जाते, सोयरिकीच्या बैठकीत जाते आणि वर्षानुवर्षे टिकते.

तिसरी बाब त्रासनाची. उन्मादाच्या चिकित्सेत भय दाखविणे, धमकावणे असे उपाय ग्रंथांत आले आहेत. ते त्या काळी, विशिष्ट अवस्थेत सांगितले गेले. आज ते करणे अधर्म आहे आणि बेकायदाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे, कोंडणे यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे. ‘दोन ठेवून द्या, ताळ्यावर येईल’ असे विनोदानेही बोलू नये.

लोक खरोखर काय मानतात?

‘खेड्यातील लोक अंधश्रद्ध, त्यांना सांगून उपयोग नाही’ असे आपल्यातील काही जण म्हणतात. धाराशिव जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेड तालुक्यातील पाहणी याच्या उलट सांगते. तेथील सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या सहकार्याने गावकरी व ग्राम आरोग्य सेविका मिळून ३०० जणांना नैराश्याच्या आणि मनोविकृतीच्या रुग्णाची गोष्ट सांगून प्रश्न विचारले गेले. आजाराची कारणे म्हणून बहुतेकांनी आर्थिक व कौटुंबिक ओढाताणीसारखी सामाजिक कारणे सांगितली. दैवी अथवा भूतबाधेची कारणे फार थोड्यांनी मान्य केली. स्त्रिया, बेरोजगार आणि गरीब यांना असे आजार अधिक होण्याचा संभव आहे, असेही लोकांचे मत दिसले.

अर्थात गावाला कारण कळते. ‘कारण कळले, पण हा आजार आहे व त्यावर उपचार आहेत’ हा पुढील टप्पा राहून जातो. गरिबीवर गोळी नाही, मग दवाखान्यात कशाला जायचे, असा त्यांचा हिशेब असतो. येथे वैद्याने एवढेच सांगावे : दुःखाचे कारण बाहेर असले तरी त्याचा परिणाम शरीरावर व मनावर होऊन आजार जडतो, पाऊस बाहेर पडतो, पण भिजल्यावर येणाऱ्या तापाला औषध घ्यावेच लागते.

दवाखान्यात काय करावे?

१) विचारावे. झोप, भूक किंवा थकव्याची तक्रार महिन्याहून अधिक चालली असेल तर दोन प्रश्न नित्य विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, हताश राहिले का? पूर्वी ज्यात रस वाटे त्या कामात, माणसांत रस वाटेनासा झाला का? एकाचेही उत्तर ‘बहुतेक दिवस’ असे आल्यास पुढे सविस्तर विचारपूस करावी.

२) एकट्याशी बोलावे. सून आली तर सासू, मुलगा आला तर बाप शेजारी बसलेला असतो. नाडीपरीक्षा, पोट तपासणे या निमित्ताने पाच मिनिटे रुग्णास एकटे भेटता येते. स्त्री रुग्णासोबत परिचारिका किंवा मदतनीस बाई असावी.

३) मरणाचा प्रश्न टाळू नये. ‘जीव नकोसा वाटतो का? तसे काही करावे असे मनात येते का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना विचारल्याने मोकळे वाटते. उत्तर होकारार्थी असल्यास रुग्णास एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशक, तणनाशक कुलपात किंवा घराबाहेर ठेवण्यास सांगावे आणि त्याच दिवशी पुढील उपचारांची व्यवस्था करावी.

४) अन्य कारणे शोधावीत. पांडू, थायरॉईडचे विकार, मधुमेह, मद्यपान, प्रसूतीनंतरचा काळ यांत विषादाची लक्षणे दिसतात. रक्तातील हिमोग्लोबिन व थायरॉईडची तपासणी लहान गावातही होऊ शकते.

५) आजारास नाव द्यावे. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य सद्हेतूने उच्चारले जाते. पण रुग्ण त्यातून ‘माझे दुःख खोटे आहे’ एवढेच ऐकतो. त्याऐवजी ‘याला नैराश्य म्हणतात, हा पुष्कळांना होणारा आजार आहे, तुमचा दोष नाही, यातून माणसे बरी होतात’ ही चार वाक्ये सावकाश सांगावीत.

६) गुप्तता पाळावी. रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर नेऊ नयेत, ही आज्ञा चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात शिष्यास दिली आहे. तीच आज २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाचा हक्क म्हणून मान्य केली आहे. गावात लग्नाची चौकशी वैद्याकडे होते. ‘तुमच्याकडे येते ना ती मुलगी, काही आजार?’ या प्रश्नास ‘कोणत्याच रुग्णाबद्दल मी बोलत नाही’ हे एकच उत्तर सर्वांसाठी ठेवावे. निरोगी मुलीबद्दल ‘काही नाही’ म्हणायचे आणि आजारी मुलीबद्दल गप्प राहायचे, असे केल्यास ते गप्प राहणेच बोलते.

७) वेळेवर पाठवावे. सौम्य अवस्थेत आहार, निद्रा, अभ्यंग, शिरोधारा, मेध्य द्रव्ये, सत्त्वावजय यांचा आपण उपयोग करतो. परंतु आत्महत्येचे विचार, अन्नपाणी सोडणे, भास, कामधंदा पूर्ण बंद पडणे यांपैकी काहीही असल्यास, किंवा तीन-चार आठवड्यांत सुधारणा नसल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालये व जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांत ही सेवा मिळते. फोनवर बोलण्यासाठी १४४१६ ही ‘टेलिमानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून विनामूल्य सुरू आहे. ज्यास कोणाच्या नजरेस पडायचे नाही अशा रुग्णास ती विशेष उपयुक्त आहे. पाठविल्यावर ‘परत येऊन मला भेटा’ हे अवश्य सांगावे. ते न सांगितल्यास आपणही हाकलून दिले, असे रुग्णास वाटते.

८) चालू औषध बंद करवू नये. ‘त्या गोळ्यांनी माणूस गुंगीत राहतो, सवय लागते, सोडून द्या’ हा सल्ला आपल्या व्यवसायबंधूंकडून दिला जातो, हे नाकारण्यात अर्थ नाही. नैराश्यावरील औषधांचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरे वाटल्यावरही ती निदान सहा महिने चालू ठेवावी लागतात. ती एकाएकी सोडल्यास चक्कर, निद्रानाश, बेचैनी होते आणि आजार उलटतो. झोपेची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्याने ती अचानक सोडल्यास झटकेही येऊ शकतात. उलटलेला आजार पाहून गाव म्हणते, ‘बघा, हे कधी बरे होत नाही’. अशा रीतीने एका चुकीच्या सल्ल्याने रुग्णाचे नुकसान होते आणि कलंकालाही नवा पुरावा मिळतो.

औषधाच्या दुकानात

औषधविक्रेते बंधूंच्या दृष्टीने चार गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, काउंटरवरील बोलणे. दुकानात पाच गिऱ्हाइके उभी असताना ‘ही डोक्याची गोळी कोणाला?’ असा प्रश्न आला की घेणारा पुढच्या महिन्यात चिठ्ठी घेऊन येत नाही. घरी औषध संपते आणि आजार उलटतो. नाव न उच्चारता चिठ्ठीवर बोट ठेवून विचारावे, गोळ्या कागदी पाकिटात द्याव्यात, मात्रा सांगायची असल्यास बाजूला घेऊन सांगावी. यास खर्च नाही.

दुसरी, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या. लाजेपोटी तज्ज्ञाकडे न जाणारा माणूस मेडिकलमध्ये येऊन ‘झोपेची एक पट्टी द्या’ म्हणतो. या गोळ्या २०१४ पासून अनुसूची एच-१ मध्ये आहेत. वैध चिठ्ठीशिवाय त्या देता येत नाहीत आणि त्यांची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते. कायदा बाजूला ठेवला तरी या गोळीने नैराश्य बरे होत नाही. सवय मात्र लागते.

तिसरी, सर्पगंधा. ही बाब आपल्या शास्त्राची असल्याने ती विस्ताराने सांगतो. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली या वनस्पतीचे रक्तदाब व उन्मादावरील गुण प्रसिद्ध केले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आला आणि या वनस्पतीस जगात मान्यता मिळाली. १९५२ साली तिच्यातील रिसर्पीन वेगळे करण्यात आले. पुढे रिसर्पीन घेणाऱ्या काही रुग्णांत गंभीर नैराश्य दिसून आले. या संबंधाचे नेमके प्रमाण किती याविषयी नंतर मतभेद झाले. तरी नैराश्य असलेल्या अथवा पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णास ते देऊ नये, ही सूचना सार्वत्रिक आहे. ‘झोपेसाठी काही आयुर्वेदिक द्या, त्याला साइड इफेक्ट नसतो’ असे मागणाऱ्याच्या हाती आपण सर्पगंधायुक्त वटी देतो, तेव्हा समोरच्या माणसाचा निद्रानाश विषादजन्य आहे का, हे विचारणे आवश्यक ठरते. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, सकाळी मन अधिक खिन्न असणे ही खूण लक्षात ठेवावी. असा ग्राहक वैद्याकडे पाठवावा. अश्वगंधेसारखे सौम्य समजले जाणारे द्रव्यही थायरॉईडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असताना विचारूनच द्यावे.

चौथी, नेहमीच्या ग्राहकाची नोंद. दर महिन्यास येणारा रुग्ण दोन महिने आला नाही, हे सर्वांत आधी औषधविक्रेत्याच्या ध्यानात येते. भेट झाल्यावर ‘औषध दुसरीकडून घेता का? चालू ठेवा हं’ एवढे एकांतात विचारले तरी पुष्कळ काम होते.

कायद्याने दिलेला आधार

मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून अमलात आहे. मानसिक आजारास विमा संरक्षण देताना शारीरिक आजाराच्या तुलनेत भेद करू नये, असे त्यात सांगितले आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा न करता साहाय्य द्यावे, हेही त्यात आहे. जुन्या दंडसंहितेतील कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून त्या संहितेसह गेले, आणि नव्या न्यायसंहितेत तसे सरसकट कलम नाही. ‘पोलीस केस होईल’ या धाकाने विषप्राशनाची गोष्ट लपविणाऱ्या कुटुंबास हे सांगितल्यास ते पुढील उपचारांस तयार होते.

उपसंहार

लज्जा कमी होते का, या प्रश्नास विदर्भात उत्तर मिळाले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ या उपक्रमांतर्गत गावातीलच कार्यकर्त्यांनी घरोघर व लहान बैठकांतून नैराश्याविषयी बोलणे सुरू केले आणि समुपदेशन व तज्ज्ञांची सेवा जवळ आणली. आधी नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के व्यक्ती उपचार घेत होत्या. सुमारे दीड वर्षाने हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेले. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेथे मोठी रुग्णालये उभारली गेली नाहीत. ओळखीच्या माणसांनी ओळखीच्या भाषेत बोलणे, हेच त्या कामाचे मुख्य बळ होते.

वैद्य आणि औषधविक्रेता हे गावातील तसेच ओळखीचे लोक आहेत. आमच्या भागातील पुष्कळ माणसे भूकंपाच्या पहाटेविषयी आजही बोलू शकतात, कारण त्या दुःखास गावाने मान्यता दिली. ज्यांचे घर पडले नाही, पण मन खचले आहे, अशांच्या दुःखास ती मान्यता मिळवून देण्याचा आरंभ आपल्या टेबलाशी व काउंटरशी होऊ शकतो. पुढील तिमाहीत प्रत्येक सभासदाने वर दिलेले दोन प्रश्न निद्रानाशाच्या व अशक्तपणाच्या प्रत्येक रुग्णास विचारावेत आणि किती जणांनी ‘होय’ म्हटले याची नावाविना नोंद ठेवावी. तालुका शाखेच्या बैठकीत त्या नोंदी एकत्र पाहिल्यास आपापल्या गावात उपचाराबाहेर किती माणसे आहेत हे कळेल, आणि त्यांना कोठे व कसे पाठवावे याची व्यवस्थाही त्याच बैठकीत ठरविता येईल.